मे महिन्यात रोबोचा हात का झुकतो?

डिसेंबरातल्या विज्ञान प्रदर्शनात रोबोचा हात उत्तम चालतो. टेबलावरचं संत्रं उचलतो, वळतो आणि शेजारच्या टोपलीत नेमकं ठेवतो. उन्हाळी शिबिरात तोच हात त्याच टेबलावर मांडला की बिघडलेला वाटतो. पंजा संत्र्याच्या थोडा खाली उतरतो, फळाला ढुशी देतो आणि रिकामाच वर येतो. मोटर तीच, वीजपुरवठा तोच, प्रोग्रॅममधली एक ओळही बदललेली नाही. मुलं आधी प्रोग्रॅम तपासतात, मग मोटर बदलतात. दोष बहुधा दोन्हीत नसतो. मोटर ज्या प्लास्टिकच्या तुकड्यात बसवली आहे, त्यात तो असतो. त्या तुकड्याला माउंट म्हणतात.

नागपुरात हा प्रश्न आता घरोघरचा होऊ लागला आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळाशाळांत सुरू झाल्या. तिथे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती थ्रीडी प्रिंटर आला. व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेत ‘आयव्हीलॅब्ज’ हा विद्यार्थ्यांचा रोबोटिक्स क्लब आहे. बार्सिलोनाच्या बीसीएनथ्रीडी कंपनीने २०१६ मध्ये ‘मोव्हिओ’ या रोबो-हाताचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. तसे आराखडे उतरवून घेऊन आठवीतला मुलगाही हात छापू शकतो. मात्र बरेचसे आराखडे थंड देशांत आखलेले असतात. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. त्या हवेचा विचार त्या आराखड्यांत नसतो, तो आपल्यालाच करावा लागतो.

मोटर ज्याला धरते, त्यालाच ढकलते

मोटर बसवायला चार भोकं असलेली पट्टी पुरे, असं पहिल्यांदा वाटतं. पण मोटर हाताला वर फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतःच्या बैठकीला उलट दिशेने फिरवत असते. हा फिरवण्याचा जोर म्हणजे टॉर्क. हौशी मंडळी तो किलो-सेंटीमीटरमध्ये मोजतात. आसापासून १ सेंटीमीटरवर १ किलो वजन टांगलं तर १ किलो-सेंटीमीटर टॉर्क लागतो. तेच वजन १० सेंटीमीटरवर नेलं तर १०.

आपल्या हाताचा हिशेब करून पाहू. हात आडवा पसरला आहे आणि खांद्यापासून पंज्यापर्यंत २५ सेंटीमीटर आहेत. संत्रं १५० ग्रॅमचं धरू. त्याचा टॉर्क ३.७५. पंजा आणि त्याची छोटी मोटर मिळून ६० ग्रॅम, खांद्यापासून २२ सेंटीमीटरवर, म्हणून १.३. कोपरातली मोटर ५५ ग्रॅम, १२ सेंटीमीटरवर, म्हणजे सुमारे ०.७. हाताचं प्लास्टिक ८० ग्रॅम, सरासरी १२ सेंटीमीटरवर, म्हणजे जवळपास १. बेरीज ६.७ किलो-सेंटीमीटर.

आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या एमजी९९६आर या सर्वो मोटरवर ४.८ व्होल्टला ९.४ किलो-सेंटीमीटर असा आकडा असतो. त्यामुळे मोटर पुरेल असं वाटतं. पण ९.४ हा मोटर अडकून उभी राहते तेव्हाचा आकडा आहे, त्याला स्टॉल टॉर्क म्हणतात. रोजच्या कामाला त्याच्या निम्म्यापर्यंतच जावं. आपली ६.७ ची बेरीज त्या निम्म्याच्या पुढे जाते, म्हणून हात आखूड करावा किंवा कोपराची मोटर कोपरावर न ठेवता खांद्याजवळ ठेवून दांडीने जोर पोहोचवावा. अनेक चांगले खुले आराखडे हेच करतात. हौशी रोबोत यापेक्षा शहाणी युक्ती मला माहीत नाही. मोटर लहान लागते, माउंटवरचा भारही उतरतो.

६.७ किलो-सेंटीमीटरचा हा जोर माउंटवर कसा येतो? सर्वोच्या दोन्ही कानांवरचे स्क्रू एकमेकांपासून साधारण ५ सेंटीमीटरवर असतात. एका बाजूचे स्क्रू वर ओढले जातात, दुसऱ्या बाजूचे खाली, प्रत्येकी सुमारे १.३ किलोच्या जोराने. एवढ्याने प्लास्टिक तुटत नाही. तुटतं ते धक्क्याने. ही सर्वो मोकळी फिरताना ६० अंश ०.१७ सेकंदात कापते. २५ सेंटीमीटरच्या हाताचं टोक तेव्हा सेकंदाला दीड मीटरने जात असतं. त्याच्या निम्म्या वेगाने आलेला हात १ सेंटीमीटरच्या आत थांबवला, तरी नुसत्या थांबण्याचा जोर हाताच्या वजनाच्या तिप्पट होतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये वेग हळूहळू वाढवून हळूहळू कमी केला तर माउंटचं आयुष्य वाढतं.

दुसरा भार सहसा लक्षातच येत नाही. हात मोटरच्या आसाला एकाच बाजूने लटकत असेल, तर त्याचं वजन मोटरला बाजूला कलंडवत राहतं. यावर उपाय दोन्ही बाजूंनी आधार देण्याचा आहे. मोटरच्या मागच्या बाजूला, बरोबर त्याच आसाच्या रेषेत, एक एम३ स्क्रू आणि ६२३ क्रमांकाचं छोटं बेअरिंग बसवायचं. याचं भोक ३ मिलिमीटर, बाहेरचा व्यास १० आणि जाडी ४. मग हाताचा यू आकाराचा कंस मोटरला दोन्हीकडून धरतो. मोटरला फक्त फिरवावं लागतं, वजन पेलण्याचं काम बेअरिंग वाटून घेतं. मला तर वाटतं, ज्या खांद्याला मागचा आधार नाही त्याचा आराखडा अजून पुरा झालेलाच नाही.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

माउंट न तुटताही हात चुकू शकतो. ५ सेंटीमीटर लांब माउंटचं एक टोक अर्धा मिलिमीटर उचललं गेलं, तर हाताचं टोक त्याच प्रमाणात हलतं. २५ सेंटीमीटर म्हणजे पाचपट, म्हणून पंजा अडीच मिलिमीटर खाली जातो. संत्र्याला लागलेली ढुशी ती हीच. त्यामुळे माउंट तुटेल का, यापेक्षा तो वाकेल का, हा प्रश्न आधी विचारावा.

वाकण्याचं गणित आपल्या बाजूचं आहे. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली की ती आठपट ताठ होते, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ३ मिलिमीटरच्या जागी ६ मिलिमीटर करायला प्लास्टिक दुप्पट लागतं, फायदा मात्र आठपट. उभी आणि आडवी पट्टी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात त्रिकोणी पाठराखण दिली, तर थोड्या प्लास्टिकमध्ये त्याहूनही जास्त मिळतं. आतला कोपरा कधीही काटकोनी सोडू नये. भार तिथे एका रेषेत गोळा होतो आणि भेग तिथूनच सुरू होते. ३–४ मिलिमीटरची गोलाई दिली की तोच भार पसरतो.

थर कुठल्या दिशेने?

हौशी प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून बारीक तोंडातून, म्हणजे नोझलमधून, तिचे पातळ थर एकावर एक चढवत जातो. एका थराच्या आत प्लास्टिकचा धागा सलग असतो. दोन थरांमध्ये मात्र ते फक्त चिकटलेलं असतं, कारण वरचा थर पडतो तेव्हा खालचा थोडा निवलेला असतो. सागाचा ओंडका उभ्या रेषेत एका घावात फुटतो आणि आडवा तोडताना कुऱ्हाड दमते. छापील माउंटचंही तसंच आहे. थर एकमेकांपासून ओढले जातील असा जोर आला, तर त्याची ताकद अनेकदा निम्म्यावर येते.

म्हणून आराखडा काढतानाच ठरवायचं की हा तुकडा प्रिंटरवर कसा निजणार. एल आकाराचा माउंट आडव्या पट्टीवर उभा छापला, तर उभ्या पट्टीच्या मुळाशी, जिथे ताण सर्वांत जास्त आहे तिथेच, थरांची रेष येते. तोच तुकडा कुशीवर निजवून छापावा. मग एल अक्षर प्रिंटरच्या पाटावर काढल्यासारखं पडतं आणि धागे कोपऱ्याला वळसा घालून सलग जातात. छापील वस्तूची ताकद तिच्या पोटातल्या जाळीत कमी आणि बाहेरच्या भिंतींत जास्त असते. त्यामुळे जाळी ८० टक्के भरण्यापेक्षा ०.४ मिलिमीटरच्या नोझलने चार-पाच भिंती द्याव्यात आणि जाळी ३०–४० टक्क्यांवर ठेवावी. स्क्रूच्या भोकाभोवतीही या भिंती आपोआप जाड होतात.

नागपूरचा मे आणि पीएलए

आता मूळ कोड्याकडे येऊ. बहुतेक शाळांतल्या प्रिंटरवर पीएलए हे प्लास्टिक असतं. ते छापायला सोपं आहे, कडक आहे, वासही फारसा येत नाही. नोझलमध्ये ते २०० अंशांच्या आसपास वाहतं, पण त्याच्या कितीतरी आधी, साधारण ५५ ते ६० अंशांवर, त्याचा कडकपणा जाऊ लागतो. याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. ते ओलांडल्यावर तुकडा वितळत नाही, पण भाराखाली हळूहळू आकार सोडतो.

डिसेंबरात खोलीत २० अंश आहेत. काम करताना मोटर आजूबाजूच्या हवेपेक्षा २५ अंशांनी जास्त तापते असं धरू. मोटरला टेकलेलं प्लास्टिक ४५ अंशांवर पोहोचतं आणि काही होत नाही. मे महिन्यात, कूलर बंद असलेल्या खोलीत दुपारी ४० अंश असतात. मोटर तेवढीच तापली तरी प्लास्टिक ६५ अंशांवर जातं. दोन्ही वेळी मोटरने एकच काम केलं. पहिल्या वेळी प्लास्टिक मर्यादेच्या आत होतं, दुसऱ्या वेळी बाहेर.

मोटरला स्वतःला या तापमानाची पर्वा नसते. काही हातांत सर्वोऐवजी स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर असते. नेमा १७ जातीच्या अनेक स्टेपर मोटरींच्या तारांचं आवरण १३० अंशांपर्यंत टिकेल असं असतं. हाताला चटका बसेल इतकी तापलेली स्टेपर तिच्या दृष्टीने ठणठणीत असते. शिवाय ती थांबलेली असतानाही तापते, कारण एका जागी पकड ठेवण्यासाठी तिच्या गुंडाळ्यांतून प्रवाह वाहतच असतो. प्रदर्शनाच्या टेबलावर तासभर नुसता उभा असलेला हात म्हणूनच मधूनमधून हलणाऱ्या हाताइतकाच तापतो.

उष्णतेबरोबर वेळेचाही परिणाम होतो. स्क्रू आवळला की त्याच्या डोक्याखालचं प्लास्टिक सतत दाबलेलं राहतं. सतत दाबाखाली प्लास्टिक हळूहळू सरकतं. अभियंते याला क्रीप म्हणतात. उष्णतेत ते वेगाने होतं. चार आठवड्यांपूर्वी घट्ट असलेला स्क्रू कुणी हात न लावता सैल होतो, मोटर अर्धा मिलिमीटर डुलू लागते आणि पंजा अडीच मिलिमीटर चुकतो.

पहिला उपाय फुकटचा आहे: प्रवाह कमी करणं. गुंडाळीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. प्रवाह ७० टक्क्यांवर आणला की उष्णता निम्मी होते, टॉर्क मात्र साधारण ७० टक्के उरतो. वरच्या हिशेबात २५ अंशांची वाढ १२–१३ वर येते आणि मे महिन्यातही प्लास्टिक ५३ च्या आसपास राहतं. स्टेपरला प्रवाह पुरवणाऱ्या ए४९८८ या ड्रायव्हरवर त्यासाठी एक इवलासा स्क्रू असतो. टीएमसी२२०९ या ड्रायव्हरमध्ये मोटर थांबली की प्रवाह आपोआप उतरवण्याची सोय आहे. सर्वोमध्ये अशी कळ नसते. तिथे भार हलका करणं हाच मार्ग.

दुसरा उपाय प्लास्टिक बदलण्याचा. पीईटीजीचं काचसंक्रमण तापमान ७५ ते ८० अंशांच्या घरात आहे, एबीएसचं १०० च्या थोडं पुढे. एबीएस छापताना आक्रसतं, कडा पाटावरून उचलल्या जातात, धूरही त्रासदायक असतो. घरच्या उघड्या प्रिंटरसाठी मी ते सुचवणार नाही. पीईटीजी नागपूरच्या उन्हाळ्याला पुरतं. प्रागची प्रुसा कंपनी आपल्या प्रिंटरमधले मोटर धरणारे भाग वर्षानुवर्षं पीईटीजीमध्येच छापत आली आहे आणि ते यंत्र दिवसरात्र तापलेल्या मोटरींसह चालतं. पीईटीजी पीएलएपेक्षा थोडं लवचीक असतं, त्याचा ताठपणा पीएलएच्या सुमारे ६० टक्के. पण घनाचा नियम इथेही मदतीला येतो. ५ मिलिमीटरच्या जागी ६ मिलिमीटर जाडी दिली की ही तूट भरून निघते. पीएलएसाठी काढलेला आराखडा पीईटीजीमध्ये जसाच्या तसा छापला तर हात लवतो, त्याचं कारण हेच. अशा वेळी प्लास्टिकला नावं न ठेवता जाडी वाढवावी.

तिसरा उपाय उष्णतेला दुसरी वाट देण्याचा. स्टेपरची बरीचशी उष्णता तिच्या पुढच्या धातूच्या तोंडातून, म्हणजे थेट माउंटमध्ये जाते. मोटर आणि प्लास्टिक यांच्यामध्ये २–३ मिलिमीटर जाडीची, मोटरपेक्षा थोडी मोठी ॲल्युमिनियमची पट्टी घातली, तर उष्णता तिच्या कडांवरून हवेत जाते. मोटरची पाठ आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. सुंदर दिसावी म्हणून मोटरला चारी बाजूंनी प्लास्टिकच्या डबीत बंद करणारे आराखडे आपल्या हवेत टाळलेलेच बरे.

चौकट: नेहमी लागणारी मापं
(सर्व मिलिमीटरमध्ये)

नेमा १७ स्टेपर: तोंड ४२.३ × ४२.३, स्क्रूच्या भोकांतलं अंतर ३१, मधला उंचवटा २२ व्यासाचा आणि २ उंच, दांडा बहुधा ५. नावातलं १७ म्हणजे तोंडाची रुंदी १.७ इंच.
एमजी९९६आर सर्वो: साधारण ४०.७ × १९.७ × ४२.९, वजन ५५ ग्रॅम.
एसजी९० सर्वो: वजन ९ ग्रॅम. खांद्याला वापरू नये, पंज्याला चालते.
एम३ स्क्रू आरपार जाण्यासाठी आराखड्यात भोक ३.२ ते ३.४.
एम३ नट: समोरासमोरच्या कडांत ५.५, जाडी २.४. खाच ५.७–५.८ ठेवावी.
स्वस्त सर्वोंची मापं बनावटीगणिक थोडी बदलतात. हातातली मोटर व्हर्नियरने मोजूनच भोकं काढावीत.

भोकं आणि स्क्रू

३ मिलिमीटरचं काढलेलं भोक छापल्यावर ३ चं राहत नाही, लहान होतं. नोझल गोलाईवरून जाताना मऊ धागा आतल्या बाजूला ओढला जातो आणि निवताना आक्रसतो. म्हणून चौकटीतली वाढीव मापं. कुशीवर छापलेल्या तुकड्यात भोक आडवं येतं आणि त्याचं छत अधांतरी छापलं जाऊन खाली लोंबतं. तिथे भोकाला वर टोक काढून थेंबाचा आकार द्यावा. ४५ अंशांपर्यंतचा उतार आधाराशिवाय नीट छापला जातो.

प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडून स्क्रू बसवणं पहिल्या दोन-तीन वेळांपुरतं ठीक. पुढे आटे झिजतात. नटासाठी षटकोनी खाच ठेवावी किंवा आतून आटे असलेला पितळी इन्सर्ट सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तापवून आत दाबावा. स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वॉशर हवाच, कारण तो दाब मोठ्या जागेवर पसरवतो आणि क्रीप मंदावतो. नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट घेतला तर थरथरीने तो सैल होत नाही. हे सगळं नागपुरातल्या इतवारीच्या बाजारात सुटं मिळतं. माउंटच्या खर्चात याच्यावर काटकसर करू नये.

कूलरची खोली आणि ओली तार

नागपुरी घरात प्रिंटर आणि कूलर एकाच खोलीत असतात. त्याचे दोन परिणाम होतात. कूलरचा झोत थेट प्रिंटरवर आला तर एक बाजू लवकर निवते, थर नीट चिकटत नाहीत आणि कडा वळतात. प्रिंटरभोवती पुठ्ठ्याचा आडोसा केला तरी फरक पडतो. दुसरा परिणाम हवेतल्या पाण्याचा. पीईटीजीची तार ओल शोषते. ती तापलेल्या नोझलमधून जाताना पाण्याची वाफ होते, चटचट आवाज येतो, धाग्यात बुडबुडे राहतात आणि थरांमधली पकड दुबळी होते. कूलरच्या दिवसांत आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावं. ओल आलीच असेल तर ६५ अंशांच्या आसपास काही तास सुकवून घ्यावं. पीएलएचं रीळ मात्र इतकं तापवू नये, ते डब्यातच चिकटून बसेल.

छापल्यावर काय तपासावं

आधी संपूर्ण माउंट न छापता फक्त भोकांचा ३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप छापावा. तो दहा-पंधरा मिनिटांत होतो, आणि स्क्रू बसतात की नाही ते कळतं. मग पूर्ण माउंट छापून त्यावर मोटरच्या जागी २५ सेंटीमीटरची लाकडी पट्टी स्क्रूंनी घट्ट बसवावी आणि टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली टांगावी. आपल्या हिशेबातल्या भाराच्या हा जवळजवळ दुप्पट होतो. कोपऱ्याला गुण्या लावून पाहावा. फट दिसली तर जाडी किंवा पाठराखण वाढवावी.

शेवटची परीक्षा उन्हाळ्यातच द्यावी. दुपारी कूलर बंद करून हात आडवा पसरावा, पंज्यात संत्रं द्यावं आणि टोकामागे उभ्या कागदावर पेन्सिलची खूण करावी. मोटर तासभर तशीच चालू ठेवावी. मग संत्रं न काढता दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं तर आधी स्क्रू आवळून पाहावेत, त्याने भागलं नाही तर प्रवाह कमी करावा, तरीही खूण सरकली तर माउंट पीईटीजीमध्ये पुन्हा छापावा. अशा एका माउंटला ३० ग्रॅमच्या आसपास तार लागते. किलोला हजार रुपयांच्या हिशेबाने ते ३० रुपये होतात, आणि रात्री लावलेला प्रिंट सकाळी तयार असतो.